न जोडलेली डिस्क

लेक गेल्यावर तिच्या जुन्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क तेवढी धड राहिली होती. तिचे लहानपणापासूनचे फोटो त्या एकाच ठिकाणी होते. बापाने आयुष्यभर नकाशे काढण्याचं काम केलेलं, बारीक कामाला हात सरावलेले. त्याने सुटे भाग आणून नवा कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने जोडला, पण त्यात लावलेली लेकीची डिस्क पडद्यावरच्या यादीत काही केल्या दिसेना.

त्याने केबल बदलली, दुसऱ्या पोर्टला लावून पाहिली. शेवटी हात टेकले आणि डिस्क काढून टेबलावर ठेवली. नेमकी तेव्हाच पडद्यावरच्या यादीत ती उमटली.

एकही वायर नसलेली डिस्क टेबलावर हलकेच घरघरत होती.

त्याने फोटो उघडले. एकात तो कुणालातरी खांद्यावर घेतल्यासारखा हसत उभा होता. खांद्यावर कुणीच नव्हतं. दुसऱ्यात बायको रिकाम्या खुर्चीला घास भरवत होती. त्याने शेवटपर्यंत पाहिलं. लेक कुठेच नव्हती.

"अगं, इकडे ये जरा," त्याने बायकोला हाक मारली. "यात आपली पोरगीच दिसत नाहीये."

बायको हात पुसत आली. तिने फोटो नीट पाहिले, मग काळजीने त्याच्या कपाळाला हात लावला.

"अहो," ती म्हणाली, "कुठली पोरगी?"