दादाजींची दुनळी

मधुसूदननं बंदूक खोलून तिचे तीन भाग काउंटरवर मांडले आणि नळ्या पालथ्या करून भिंगातून त्यांवरचे छाप वाचायला घेतले.

"विलायती आहे," तो म्हणाला. "बारा बोअर. छाप एकोणीसशे पंचवीसच्या आधीचे. शंभर वर्षं झाली समजा. कोणाची?"

"दादाजींची. माझे आजोबा," धम्मानंद म्हणाला. "मागच्या महिन्यात वारले. मालगुजाराच्या शिकारीत जनावरं उठवाले हाका करत होते. त्यानंच देली."

शहरातल्या सदर भागातल्या त्या दुकानात आता बंदुका कमी आणि धूळ जास्त. नवा परवाना सहसा कुणाला मिळत नाही. मधुसूदनकडे येतात ती मेलेल्या माणसांची हत्यारं, वारसांच्या हातून. किंमत ऐकली की बहुतेकांचं तोंड उतरतं.

दाराजवळच्या बाकावर धम्मानंदची आई, कांताबाई, पदर नाकापर्यंत ओढून बसली होती. बंदूक पोलिसांत जमा करा, कापून टाकू द्या, असं तिचं एकच म्हणणं. पोरगा ऐकेना, तेव्हा मीही येते म्हणून हट्टानं सोबत आली होती.

धम्मानंद बुटीबोरीच्या कापड कारखान्यात फिटर. आज रजा टाकून आला होता. बंदुकीचं वय आणि किंमत हे निमित्त. त्याला खरं हवं होतं ते दुसरंच, आणि ते विचारायला जीभ रेटत नव्हती. दादाजी भेकड होते का?

त्र्याऐंशीच्या पोळ्याची गोष्ट. कळमेश्वरजवळच्या त्यांच्या गावात विहिरीवरून भांडण पेटलं होतं. भरदुपारी आठ जण कुऱ्हाडी घेऊन अंगणात शिरले आणि धम्मानंदच्या बापाला, प्रेमानंदला, त्यांनी घेरलं. दादाजी उंबऱ्यात आले. सगळ्यांदेखत बंदुकीत काडतुसं भरली, बंदूक खांद्याला लावली, आणि बार न काढताच खाली घेतली. प्रेमानंद अंगणातच गेला. धम्मानंद तेव्हा आईच्या पोटात होता.

लोकांनी विचारलं तेव्हा दादाजी एवढंच म्हणाले, "हात नाई चालला माझा." पुढं बेचाळीस वर्षं तेच.

कांताबाई त्यानंतर सासऱ्याशी एक शब्द बोलली नाही. ताट वाढायची आणि पायानं सरकवायची. धम्मानंद शाळेत 'भेकडाचा नातू' ऐकत वाढला. तरी त्याचा जीव म्हाताऱ्यावर होता, आणि आईच्या धाकानं तो कधी तसं दाखवू शकला नाही. शेवटच्या आजारातही दादाजी भिंतीकडे तोंड करून पडायचे. ते आठवलं की त्याला अजून रडू यायचं.

"काका, चालते का ही?" त्यानं शेवटी विचारलं.

मधुसूदननं घोडा दाबून पाहिला. मग पेचकस घेतला, दस्त्यावरची पट्टी उघडली आणि आत बराच वेळ बघत राहिला.

"किती टाइम लावून राहिला गा धम्मा?" कांताबाई म्हणाली. "दे ती पोलिसाले अन् चाल घरी."

"हिची किंमत शून्य," मधुसूदन म्हणाला. "काडतुसाले ठोकणाऱ्या आतल्या पिना घासून टाकल्या आहेत, दोन्ही. काडतूस भरा, घोडा दाबा, नुसतं टक् वाजते. बार निघतच नाई."

धम्मानंदनं काउंटर घट्ट धरलं. "झिजल्या असतीन?"

"झिजल्या नाई. कानशीनं घासल्या, मुद्दाम. बाहेरून दिसत नाई."

"कवाचं काम असन हे?"

"त्र्याऐंशीचं. उन्हाळ्यातलं."

पोळ्याच्या आधीचं. धम्मानंदनं मनातल्या मनात दोनदा महिने मोजले आणि त्याला सगळा उलगडा झाला. दादाजींनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. जीव घ्यायचा नाही, हे शील त्यांनी इतकं पाळलं की घरात कधी कोंबडी कापू दिली नाही. त्यांनीच बंदूक निकामी केली असणार. धाकापुरती भिंतीवर टांगली, आणि त्या दिवशी धाकापुरतीच उचलली. त्याच्या छातीवरून मोठं ओझं उतरलं.

"माय, ऐकलं का वं?" त्याचा आवाज फाटला. "दादाजीनं पिना आधीच घासल्या होत्या. माह्या बापाले वाचवासाठी त्यायच्या हातात काहीच नव्हतं वं! सासरा भेकड म्हणून तू त्यायच्याशी जन्मभर बोलली नाई, अन् ते मुकाट्यानं ऐकत राहिले."

कांताबाईनं वर पाहिलं नाही. ती उठून दाराकडे निघाली. "चाल म्हणते न मी."

"आजोबानं नाई घासल्या, भाऊ," मधुसूदन म्हणाला. "हे काम माझ्या हातचं आहे. वडील बाहेरगावी होते, मी एकटाच दुकानात. बंदूक सुधरवाले सारेच येतात. बिघडवाले आजवर एकच माणूस आलं, थैलीत नुसता दस्ता घेऊन. म्हणून ध्यानात राहिलं."

त्यानं चष्मा काढला आणि दाराकडे पाहिलं.

"बाई, नवरा तापट आहे, रागात कोणाचा जीव घेईल म्हणून रडत होत्या तुमी. सासऱ्याले तरी नंतर सांगितलं होतं न?"