आधी तिनं वाचायचं

वायरमननं प्रगतिपुस्तकासाठी हात पुढे केला, पण बाईंनी ते त्याच्या मुलीपुढे ठेवलं.

"आधी ती वाचेल. मग तुम्ही."

"अहो बाई, खाली टेम्पो उभा आहे. कपाटंसुद्धा चढवून झाली. बदलीच्या गावी उजेड असेपर्यंत पोचायचंय."

"दोनच पानं आहेत," बाई म्हणाल्या. "आणि ती तिच्याबद्दल आहेत."

बाईंच्या वर्गात हे असंच चाले. शेरा आधी पेन्सिलीनं लिहायचा. ज्याच्याबद्दल लिहिलाय त्यानं तो वाचायचा. पटला तर मान हलवायची, नाही पटला तर तसं सांगायचं. मगच त्यावर पेन फिरे. हेडमास्तर दरवर्षी थट्टा करत, "बाई, पुढच्या वर्षी पेपरही मुलांनाच तपासू द्या, आपण डबा खाऊन घरी जाऊ." बाई हसत आणि पुढच्या मुलाला हाक मारत.

मुलगी नऊ वर्षांची. घरी तिला भिंगरी म्हणत. ओळीखाली बोट धरून ती सावकाश वाचत होती. वायरमन एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे, एकदा त्या बोटाकडे बघत होता. पाचव्या ओळीवर बोट थांबलं.

"बाई, हे नाही पटलं."

"मोठ्यानं वाच बघू."

"'वर्गात लक्ष नसते. शिकवताना खिडकीबाहेर पाहत बसते.'"

"घ्या!" वायरमननं कपाळावर हात मारला. "भिंगरे, नव्या शाळेत हेच वाचून तुकडी ठरवतात. एवढी एक ओळ बघितली की टाकतील तुला 'क'मध्ये, पार शेवटच्या बाकावर."

"बाबा, थांबा ना. मी बाईंशी बोलतेय."

वायरमन थांबला. बाईंनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"बोल."

"मी बाहेर बघते हे खरंय. पण माझं लक्ष असतं. तुमच्याकडे बघितलं ना, की तुमचा चष्मा नाकावरून घसरतो तेवढंच दिसतं. आता पडतो का, मग पडतो का, असं होतं मला. मग तुम्ही काय बोललात ते राहूनच जातं. बाहेर बघितलं की नीट ऐकू येतं."

बाईंचा हात आपोआप चष्म्याकडे गेला. वायरमनला हसू फुटलं.

"बाई, शेंड्या लावतेय ती तुम्हाला. घरी पण असंच चालतं हिचं. विचारा बरं परवा काय शिकवलंत ते. आत्ताच्या आत्ता सोक्षमोक्ष लागू दे."

बाईंनी चष्मा नीट वर सरकवला. वर्षभर त्या या मुलीला "इकडे बघ" म्हणत आल्या होत्या. रोज. कधी कधी तासाला दोनदा. आणि दर वेळी ती निमूटपणे इकडे बघायची.

"नको," त्या म्हणाल्या. "वर्षभर मी तिला काही विचारलं नाही, माझं मीच ठरवून बसले. चूक माझी. आणि परीक्षा तिची घ्यायची?"

त्यांनी ती ओळ खोडली. रबराचा चुरा फुंकरीनं उडवला.

"काय लिहू?"

भिंगरीनं विचार केला. "'बाहेर बघत ऐकते.'"

बाईंनी तेच लिहिलं. एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. वायरमननं वाकून खात्री करून घेतली आणि त्याचा चेहरा सैल झाला.

"चला, भांडण मिटलं. मारा पेन."

पण बोट पुढे सरकलं होतं. सातव्या ओळीवर ते पुन्हा थांबलं. भिंगरीनं आधी बाबांकडे बघितलं, मग नुकत्याच लिहिलेल्या ओळीकडे. खाली टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.

"काय गं?" बाईंनी विचारलं.

"बाई, हे पण नाही पटलं."

वायरमननं डोकावलं. "'भागाकार पक्का आहे.' अगं, हे तर चांगलं लिहिलंय!"

"पक्का नाहीये. बाकी शून्य आली तर जमतो. बाकी उरायला लागली की मी शेजारणीच्या वहीत बघते."

"परीक्षेतही?" बाईंनी विचारलं.

"दोनदा."

बाईंनी मान हलवली. रागावल्या नाहीत, शाबासकीही दिली नाही. आजारी माणसानं कुठं दुखतंय ते दाखवावं आणि डॉक्टरनं ते नीट बघून घ्यावं, तसं त्यांनी ऐकून घेतलं.

वायरमन मात्र मुलीच्या कानाशी वाकला. बाईंना ऐकू जाणार नाही असं त्याला वाटत असावं.

"तुला कुणी विचारलं होतं का गं? या एका ओळीवर 'अ' तुकडी मिळाली असती. जरा तोंड मिटून बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"बाबा म्हणतात ते खरं आहे हं," बाई म्हणाल्या. "हे बदललं तर तुकडी खाली जाऊ शकते. ठाऊक आहे ना तुला?"

"हो."

"तरी बदलायचं?"

भिंगरी वडिलांकडे वळली. आपल्याहून लहान कुणाला समजावून सांगावं तशी, एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"अहो बाबा, येतंय असं लिहून नेलं, तर तिथल्या बाई मला शिकवतीलच कशाला?"