लेआचा चौथा मुलगा

पाळकीणबाई चर्चच्या महिलासभेत बायबलमधल्या लेआची गोष्ट सांगत होत्या. तिच्या नवऱ्याचा सगळा जीव सवतीवर. मुलगा झाला की लेआ म्हणायची, आता तरी तो माझ्यावर प्रेम करील.

मूर्ख बाई, करुणाला वाटलं. लगेच स्वतःचीही किळस आली. तिच्या नवऱ्यानं श्रीरामपुरात दुसरा संसार थाटला होता, तरी तो येणार म्हटलं की ती पावडर लावून दारात उभी राहायची.

"चौथ्या मुलाच्या वेळी मात्र लेआनं नवऱ्याचं नावसुद्धा काढलं नाही," पाळकीणबाई म्हणाल्या. "फक्त देवाची स्तुती केली."

करुणा घरी पोचली तेव्हा नवरा पलंगावर पसरला होता. "कधीचा आलोय. चहा टाक."

सुटलेलं पोट खाजवणाऱ्या त्या माणसाकडे ती बघत राहिली. याच्यासाठी झुरलो आपण?

"चहापत्ती वरच्या फळीवर आहे," ती म्हणाली, आणि पंखा लावून निवांत बसली.