पडद्याबाहेरची ओळ

"एवढं सगळं एकाच ओळीत कोंबलंय, सर. कोण वाचणार?" संघप्रिया म्हणाली.

"मशीन वाचतंय की," आकाराम सर म्हणाले. "त्याला कुठं वळणदार अक्षराची हौस हाय?"

वधूवर संस्थेची ही वेबसाइट सरांनीच लिहिलेली. डेटाबेसातून एकेक स्थळ यायचं आणि ते पानावर छापणारी कोडची एकच लांबलचक ओळ पडद्याच्या उजव्या कडेबाहेर निघून जायची. संघप्रियाला ते बघवेना. एका ओळीत एकच काम, असं ती शिकलेली. नोकरी अजून कच्ची होती, तरी तिनं हट्ट धरला.

"कर मनासारखं," सर म्हणाले. "पान मात्र हाय तसंच दिसाय पायजे."

ओळ तोडत तोडत ती उजवीकडं सरकली. आधी माहिती उचलायची: फोटो, नाव, उंची, शिक्षण. मग छापायची. आणि या दोहोंच्या मधे, कडेच्या पार पलीकडं, एक अट होती. जात बौद्ध असेल तर हे स्थळ छापू नये, पुढचं घ्यावं.

पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत होतं, 'सर्व जातीधर्मांची स्थळं'.

"सर, ही अट?"

"संस्थेच्या मालकांनी सांगिटलेली. नावं घ्यायची, फी घ्यायची, एकूण आकड्यात धरायची. आकडा दांडगा दिसला की गिऱ्हाईक येतंय. दावायची तेवढी न्हाईत." सरांनी चष्मा पुसला. "तुझ्यावर न्हाय हां हे."

धाकट्या बहिणीचं, शिवानीचं नाव गेल्या दिवाळीत संघप्रियानंच या संस्थेत नोंदवलं होतं. एक फोन आला नव्हता. घरानं दोष फोटोवर टाकलेला. पहिल्यात रंग दबलाय म्हणून दुसरा काढला, दुसऱ्यात गाल बसलेत म्हणून आज तिसरा.

"काढून टाकू?"

"टाक की. मग मालक दुसऱ्याकडं जातील, आन् तुला ठिऊन मी काय करू?"

तिनं अट तोडून स्वतंत्र ओळीवर आणली. डावीकडं थोडी जागा सोडून, बाकीच्यांच्या रांगेत नीट बसवली. पान पुन्हा उघडलं.

"काय फरक पडला का?"

"नाही, सर."

मोबाईल वाजला. स्टुडिओतून आई बोलत होती. "शिवानीला निळी नेसवू का हिरवी गं? फोटोवाला म्हणतोय, निळीत उजळ दिसंल."

संघप्रिया पडद्याकडं बघत राहिली. सगळ्या ओळी आता कडेच्या आत होत्या.

"कुठलीही नेसव, आई."