हापशावरची शांतता

कोरोना आला आणि सरपंच किसनरावनं गावच्या हापशावर फक्त बौद्ध वस्तीला बंदी घातली. तरी त्या वस्तीतली पंचफुलाबाई घागर घेऊन गेलीच. किसनराव हापशापुढं आडवा झाला.

“रोग पसरते, बाई. वापस जा.”

“काहून? कोरोना काय जात इचारून येते?”

तेवढ्यात तिच्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला. नीलम फौजेत, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून दक्षिण सुदानला गेलेली.

“आई, इथं दोन जमाती पाण्यासाठी एकमेकांचे मुडदे पाडत होत्या. आमी ह्या कोरोनात बी पहारा देला. आज दोन्ही एकाच रांगेत पाणी भरून राहिल्या! आपल्या गावात तं शांतता हाये ना?”

पंचफुलाबाईनं किसनरावला बाजूला सारलं आणि हापशाचा दांडा धरला.

“आजवर होती, पोरी. आता मोडून राहिली मी.”