तिसऱ्या रांगेतला बारा नंबर

त्या संध्याकाळी मुलीचं नाटक पडलं, ते पुन्हा उठलं नाही. पण हे आत्ता सभागृहात कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा आपणही ठाऊक नसल्यासारखं करू.

तिसरी घंटा झाली तेव्हा डोअरकीपर तिसऱ्या रांगेत अकरा नंबरवर ताठ बसला होता. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. एकतीस वर्षं त्याने याच नाट्यगृहाचं दार राखलं, पण इथल्या खुर्चीला पाठ टेकायची ही पहिलीच वेळ. खुर्ची इतकी मऊ असते हे कळल्यावर त्याला वाटलं, उगाच नाही लोक घोरत.

त्याचा नियम एकच. प्रयोग चालू असताना उठायचं नाही. पोटात दुखतंय म्हणणाऱ्याला तो विचारायचा, नटाच्या दुखत नसेल का? एकाने घराला आग लागल्याचं सांगितलं, तर याने बंब बोलावलाय ना एवढी खात्री करून त्याला परत बसवलं. तुम्ही जाऊन काय फुंकर घालणार, म्हणाला. कुणी फारच तणतणलं तर तो दाराशेजारच्या तक्रारपेटीकडे बोट दाखवायचा. पेटीची किल्ली तो नोकरीला लागला त्याच वर्षी हरवली होती. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

स्वतः मात्र तो मुलीच्या प्रत्येक नाटकातून मधेच उठला होता. शाळेच्या संमेलनात ती राणी झाली, तेव्हा तिच्या पहिल्याच वाक्याला हा उठला, कारण इकडे दुसऱ्यांच्या नाटकाची घंटा व्हायची होती. कॉलेजातही तेच. पुढे तिने बोलावणंच सोडलं. तिची आई गेल्यावर घरात दोघं उरली आणि बोलणं ‘जेवलात का’पुरतं उरलं.

मग तिने नोकरी सोडली आणि एकटीनेच करायचं नाटक स्वतः लिहिलं. आज पहिला प्रयोग. निर्माता पहिल्या रांगेत बसणार होता. आवडलं तर पुढचे पन्नास, नाही तर सामान आवरा. सकाळी तिने बापाच्या हातात तिकीट दिलं.

“बाबा, एवढंच करा. शेवटपर्यंत बसा.”

“बसतो.”

वर्षभरातलं त्यांचं हे सगळ्यात लांब संभाषण.

बारा नंबरवरचा माणूस त्याला पहिल्यापासून खटकला. साठीचा, अंगात राखाडी सफारी, थेट डोअरकीपरच्या ड्यूटीवरच्या सफारीसारखी. खिशातून टॉर्च डोकावत होती. प्रेक्षकाला टॉर्च कशाला? अंधारात सटकायला. असली गिऱ्हाइकं त्याने वासावरून ओळखली होती. बाराच्या पलीकडे भिंत होती, बाहेर जायची वाट अकराच्या गुडघ्यांवरून. डोअरकीपरने गुडघे समोरच्या खुर्चीला टेकवले.

मुलगी चांगली होती. नुसती चांगली नाही, पहिल्या दहा मिनिटांत खोकणारे खोकायचे थांबले. दाराकडे तोंड करून बसणाऱ्या एका लहान मुलीची ती गोष्ट होती. चाळीस मिनिटं हा हलला नाही. पायाला मुंग्या आल्या, तरी नाही.

मग रंगमंचावर एक घंटा वाजली. मुलगी खिडकीपाशी थांबली, वळली, आणि सरळ तिसऱ्या रांगेकडे बघून म्हणाली, “घंटा झाली. आता तुम्ही उठणार.”

बारा नंबर उठू लागला.

डोअरकीपरने त्याचं मनगट धरलं. त्या पकडीने एकतीस वर्षं भले भले खाली बसवले होते. माणूस ओढाताण करू लागला, डोळ्यांनी रंगमंचाकडे खुणा करू लागला. शेवटी अगदी कानाशी येऊन कुजबुजला, “काका, सोडा. माझ्यावाचून तिथे अडलंय.”

“सगळ्यांचं अडलेलं असतं,” डोअरकीपर दबल्या आवाजात म्हणाला. “माझी पोरगी आहे ती. बस खाली.”

“घंटा झाली,” मुलगी पुन्हा म्हणाली. “आता तुम्ही उठणार.”

आणि गप्प झाली. काय गप्प झाली! डोअरकीपरने मोठमोठ्या नटांचे थांबे दाराआडून ऐकले होते, पण एवढा लांब कुणाला पेलला नव्हता. तिचे ओठ थरथरत होते. घाम खरा होता. तिसऱ्यांदा तेच वाक्य म्हणताना तिचा आवाज चिरला. मनगट त्याने आणखी घट्ट धरलं.

मागे कुणीतरी हसलं. एक खुर्ची वाजली, मग दुसरी. लोक उठू लागले. दारावर नवा पोरगेला डोअरकीपर होता, तो बावळटासारखा सगळ्यांना वाट देत होता. निर्माता उठला तेव्हा तर याला उठून त्याला खाली दाबावंसं वाटलं, पण शब्द दिला होता. पडदा पडला तेव्हा अख्ख्या सभागृहात दोघंच बसलेले होते. त्याने टाळ्या वाजवण्यासाठी हात सोडला.

बारा नंबरने मनगट चोळलं, खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून त्याच्या मांडीवर ठेवला आणि तो पडद्यामागे निघून गेला. कागदावर मुलीचं अक्षर होतं.

‘घंटा. तिसऱ्या रांगेतला बारा नंबर, म्हणजे बाबा, उठतात. टॉर्च लावून दारापर्यंत जातात. थांबतात. या वेळी मात्र परत येऊन जागेवर बसतात. इथून पुढे ती त्यांच्याशी बोलते.’

सफाईवाले आले तरी तो बसून होता. मग त्याने कागदाच्या पाठीवर लिहिलं, बाहेर गेला आणि कागद तक्रारपेटीत टाकला:

‘महोदय, तिसऱ्या रांगेतील आसन क्रमांक बारावरील इसमास उठण्याची परवानगी देऊन सदर प्रवेश घंटेपासून पुन्हा करण्यात यावा, ही नम्र विनंती.’