कृत्तिकाची गूळतुला

तराजूची दोन्ही पारडी हवेत तरंगू लागली, तसे अंतराळस्थानकावरचे सगळे हसले. सुनेत्रा मात्र हटली नाही. अपुऱ्या दिवसांची कृत्तिका इथेच जन्मली, तेव्हा ती नवस बोलली होती: पोर वर्षाची झाली की गुळाने तुला करीन.

तिने पाळणा स्प्रिंगला जोडला. इथे वजन नसलं, तरी जड असेल ते सावकाश झुलतं, हलकं भराभर.

घट्ट बांधलेली कृत्तिका संथ झुलली. मग तिच्या जागी पृथ्वीवरून आलेल्या साऱ्या ढेपी बांधल्या. पाळणा भराभर हलू लागला.

"गूळ कमी पडला," डॉक्टर शेवडे ओशाळले. "मीच अंदाजाने मागवला होता."

सुनेत्राने लेकीला छातीशी धरलं. "मग खाली कळवा, डॉक्टर. माझ्या पोरीच्या तुलेला एक यान पुरत नाही म्हणावं!"